दारात येणारा पेशंट बघून फेलोशिप निवड

बाळ,

परवा रात्री तुझा फोन आला. एम.डी. इमर्जन्सी मेडिसिनचा निकाल लागल्याचं सांगितलंस आणि त्याच दमात विचारलंस, "काका, आता फेलोशिप कशात करू? क्रिटिकल केअर, टॉक्सिकॉलॉजी, अल्ट्रासाउंड, की लहान मुलांची इमर्जन्सी?" आधी तुझं मनापासून अभिनंदन. तुझे आजोबा असते तर गल्लीभर पेढे वाटले असते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र फोनवर पाच मिनिटांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून सवडीनं लिहितोय.

मी फेलोशिप केलेली नाही. सर्जरी करून निपाणीत हायवेलगत दवाखाना टाकला आणि तिथंच आयुष्य गेलं. आमच्या वेळी इमर्जन्सी मेडिसिन हा विषयच नव्हता. कॅज्युअल्टी म्हणजे सगळ्यात नव्या हाउसमनला रात्रपाळीला बसवायची जागा. सगळ्यात आजारी पेशंट सगळ्यात कच्च्या डॉक्टरच्या हाती, हे आम्ही वर्षानुवर्षं बघितलं. अमेरिकेत या विषयाला स्वतंत्र मान्यता मिळाली १९७९ साली. आपल्या मेडिकल कौन्सिलनं ती द्यायला २००९ उजाडलं. आता बेळगावच्या जेएनएमसी कॉलेजात याच विषयात एम.डी. होता येतं, हे बघून मला किती बरं वाटतं ते सांगता येत नाही.

तेव्हा फेलोशिप म्हणजे काय, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पण ती घेऊन येणाऱ्या डॉक्टरची या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर कशासाठी गरज आहे, ते मला माहीत आहे. माझं सांगणं एवढंच: कोणत्या शहरातली, कोणत्या नावाची फेलोशिप, हे मागनं बघ. आधी आपल्या दारात कोण येतं ते बघ.

त्यासाठी अर्ज भरायच्या आधी आठ-दहा दिवस इकडे ये. रात्री कॅज्युअल्टीत बस. माझी जुनी रजिस्टरं आहेत, ती चाळ. महिन्यावार चाळलीस की आपला मुलूख कसा आजारी पडतो ते कळेल. जूनमध्ये पेरण्या लागल्या की साप. ऑगस्टमध्ये वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा भरून वाहायला लागल्या की पुराचे पेशंट. ऑक्टोबरपासून साखर कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि तवंदी घाट उतरून येणारा मोटरसायकलवाला अंधारात थेट ट्रॉलीखाली. जानेवारी-फेब्रुवारीत तंबाखूची काढणी. आणि बारा महिने, पाऊस असो की ऊन, फवारणीचं औषध.

या औषधाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते तुझा निर्णय इथंच ठरायला हवा.

आपल्याकडे नातेवाईक सांगतात, "डॉक्टर, पोरानं औषध पिलंय." पुण्या-मुंबईहून आलेली नवी नर्स केसपेपरवर लिहिते, कुठलं तरी औषध जास्त घेतलं. कन्नड बोलणारं घर असेल तर म्हणतात, "एण्णी कुडिदान." एण्णी म्हणजे तेल, पण बोलीत दारूलाही एण्णी म्हणतात आणि फवारणीच्या औषधालाही. बाहेरून आलेल्या डॉक्टरनं ते दारू म्हणून घेतलं आणि पेशंटला सलाईन लावून झोपवून ठेवलं, असं माझ्या डोळ्यांदेखत झालंय. म्हणून पहिला प्रश्न नेहमी एकच: "बाटली कुठाय?" बाटली आणायला मोटरसायकलवर माणूस पाठव. तोवर पेशंटचे कपडे उतरव, अंग साबणानं धू, आणि धुणाऱ्या वॉर्डबॉयला हातमोजे घालायला लाव. कपड्यावरचं औषधसुद्धा कातडीतून आत जातं.

बाटली आली की त्रिकोण बघ. आपल्या देशात कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण छापलेला असतो. नवे डॉक्टर लाल दिसला की घाबरतात आणि पिवळा दिसला की निवांत होतात. पॅराक्वाट या तणनाशकाचा त्रिकोण पिवळा असतो आणि पॅराक्वाटवर उतारा नाही. दारात चालत येणारा, नीट बोलणारा पोरगा आठवड्यात फुप्फुसं निकामी होऊन जातो. त्याला बघताक्षणी ऑक्सिजन लावायची आपल्या हाताला सवय असते. इथं तोच ऑक्सिजन फुप्फुसांची नासाडी वाढवतो. सॅच्युरेशन खूप उतरल्याशिवाय तो लावायचा नाही. हे रात्री दोन वाजता, घाईच्या वेळी, हात आवरून लक्षात ठेवणारा डॉक्टर तयार करायचा तर त्याला कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवावं लागतं. फेलोशिप त्यासाठी असते.

ऑर्गनोफॉस्फरस जातीच्या कीटकनाशकांचं तर आपल्याकडे रोजचंच. तोंडाला फेस, अंगभर घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घुरघुर. ॲट्रोपिन द्यायचं हे सगळ्यांना माहीत असतं. किती द्यायचं आणि कधी थांबायचं, इथं माणसं चुकतात. ०.६ मिलिग्रॅमची एक ॲम्प्युल दिली, बाहुली थोडी मोठी झाली, नाडी १२० झाली, की हात आखडतो. अगं, बाहुली बघायची नाही, छाती ऐकायची. तीन ते पाच ॲम्प्युल एकदम, पाच मिनिटांनी छाती ऐक, ओली असेल तर दुप्पट, पुन्हा पाच मिनिटांनी दुप्पट. छाती कोरडी होईपर्यंत, नाडी ८० च्या वर आणि वरचं प्रेशर ८० च्या वर येईपर्यंत. मग त्याचा ठरावीक भाग तासातासाला ड्रिपमधून. मी पहिल्या काही वर्षांत बाहुलीच बघत होतो. त्यात काही पेशंट गेले. त्यातला एक तंबाखूच्या वखारीत हमाली करणारा, दोन लेकरांचा बाप होता. तुला हे सांगताना आजही जीव कासावीस होतो.

आणि तिसऱ्या दिवशीचं विसरू नकोस. पेशंट शुद्धीवर आला, चहा प्यायला, नातेवाईक डिस्चार्ज मागतात. तेव्हा त्याला उताणं झोपवून सांग, "उशीवरनं डोकं उचल बघू." मान उचलता आली नाही तर त्याला कुठंही सोडू नकोस, श्वासाचे स्नायू थकायच्या आधी मान थकते. एक ते चार दिवसांच्या दरम्यान हे होतं. या परीक्षेला मशीन लागत नाही, पैसा लागत नाही, आणि तरीही ती करणारे थोडे.

तंबाखूचं आणखी एक. सकाळच्या दवात भिजलेल्या हिरव्या पानांत शेंडे खुडणारी बाई दुपारी उलट्या, चक्कर, घाम घेऊन येते. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात गेलेलं असतं. नवा डॉक्टर लगेच विषबाधा लिहितो आणि ती बाई घरच्यांच्या संशयाला बळी पडते. बाईला बाजूला घेऊन विचार: आज फवारणी होती का खुडणी? बहुतेक वेळा कपडे बदलून, अंग धुऊन, विश्रांती आणि सलाईनवर ती एक-दोन दिवसांत बरी होते. निपाणीच्या डॉक्टरला हे कळायलाच हवं.

म्हणून टॉक्सिकॉलॉजीकडं माझा कल आहे. अमेरिकेत ही फेलोशिप दोन वर्षांची आहे आणि तिथं ती इमर्जन्सीवाल्यांना खुली आहे. आपल्याकडे अशा जागा फार थोड्या. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नकोस. जिथं अर्ज करशील तिथं विचार, आठवड्याला विषबाधेचे किती पेशंट बघता? रक्तातलं कोलिनेस्टरेज तिथंच तपासता की बाहेर पाठवता? विष माहिती केंद्राच्या फोनवर फेलोला बसवता का? दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालतं, दिवसरात्र फोन घेतात. तिकडून शिकून आलीस तर तसला एक फोन इथं कॅज्युअल्टीत ठेवता येईल. चिक्कोडी, हुक्केरी, गडहिंग्लज, कागल इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर रात्री विचारू शकेल असा एक माणूस, तो मराठीतही बोलेल आणि कन्नडमध्येही. इमारत बांधण्यापेक्षा या एका फोननं जास्त जीव वाचतील, अशी माझी पक्की समजूत आहे.

साप-विंचू यातच आले. मण्याराचं लक्षात ठेव: जमिनीवर झोपलेलं पोर पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतं. सूज नाही, दाताची खूण नाही. सातच्या सुमारास पापण्या मिटायला लागतात. पोटदुखीची गोळी देऊन घरी पाठवलंस तर ते पोर परत येत नाही. घोणस असेल तर रक्त गोठतं का ते बघायचं: दोन मिलिलिटर रक्त, काचेच्या नव्या कोरड्या नळीत, २० मिनिटं न हलवता. प्लॅस्टिकची नळी घेतलीस किंवा साबणानं धुतलेली घेतलीस तर निकाल खोटा येतो. त्या नळ्यांचं खोकं मी कुलपात ठेवायचो. खानापूर-जांबोटीच्या जंगलपट्टीत चापडा चावलेलेही येतात. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी बनतं, चापड्यावर ते चालत नाही. बाटल्या रिकाम्या करण्यात अर्थ नसतो.

आणि विंचवाचं नाव निघालं की महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवतात. कोकणातल्या एका प्राथमिक केंद्रात लाल विंचू चावलेली मुलं हृदय थकून, फुप्फुसात पाणी भरून जात होती. शंभरातली तीसेक जायची. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी रात्रभर बसून नोंदी ठेवल्या, प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून बघितली, १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात चार-दोनावर आलं. पुढं २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडं ना विभाग होता ना फेलोशिप. त्यांच्याकडं वही होती. म्हणून सांगतो, फेलोशिपला जाशील तिथं पहिल्या दिवसापासून स्वतःची वही ठेव. दवाखान्याचं सॉफ्टवेअर तिथंच राहतं. वही तुझ्याबरोबर येते.

आता अल्ट्रासाउंड. हा तुझ्या पिढीचा स्टेथोस्कोप आहे, यात मला शंका नाही. ट्रॉलीखाली आलेल्या पोराच्या पोटात रक्त आहे का, फुप्फुसाभोवती हवा आहे का, हे दोन-तीन मिनिटांत खाटेवरच कळतं. पूर्वी आम्ही पोटात सुई घालून रक्त येतंय का ते बघायचो. जिथं शिकशील तिथं एवढंच बघ, की तू केलेलं स्कॅन कुणी वरिष्ठ नंतर तपासतो का. अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेनं साध्या प्रावीण्यासाठीच एकूण १५० ते ३०० तपासलेली स्कॅन सांगितली आहेत. कुणी न तपासलेली हजार स्कॅन केलीस तरी चूकच पक्की होते.

पण यात एक कायद्याचं आहे आणि ते तुला शहरात कुणी सांगणार नाही. १९९४ चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा प्रत्येक सोनोग्राफी मशीनला लागू आहे, तू पोटातलं रक्त बघायला घेतलंस तरी. मशीन नोंदलेलं हवं, वापरणारा डॉक्टर त्या नोंदणीत हवा. हातात मावणारं छोटं मशीन असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर ते नोंदलेल्या जागेतच, तिथल्या दाखल पेशंटसाठीच वापरायचं. खिशात घालून निपाणीहून कागलला नेलंस तर जागाही बदलली, राज्यही बदललं. कितीही चांगल्या हेतूनं नेलंस तरी मशीन सील होईल आणि तुझ्यावर खटला होईल. हा कायदा योग्य आहे, आपल्या भागात मुलींचं काय झालं ते आपण बघितलंय. तेव्हा दवाखान्यात रुजू व्हायच्या आधी तुझं नाव नोंदणीत चढवून घे. त्याला वेळ लागतो. रुजू झाल्यावर म्हणशील तर सहा महिने मशीनकडं नुसती बघत बसशील.

क्रिटिकल केअरबद्दल तुझ्या मैत्रिणी आग्रह करत असतील. तुझ्या एम.डी.वर डी.एम. क्रिटिकल केअरची वाट खुली आहे, नीट-एसएस परीक्षेतून, तीन वर्षांची. एक वर्षाचे अभ्यासक्रमही आहेत. पगार चांगला, मान चांगला. मी त्याला वाईट म्हणणार नाही. कोविडच्या काळात गावोगाव व्हेंटिलेटर आले आणि रात्री ते चालवणारा माणूस सापडत नव्हता, हे मी अनुभवलंय. पण एक विचार कर. आयसीयूत पेशंट पोचतो तेव्हा त्याच्यावर निदानाची चिठ्ठी लागलेली असते. तुझा विषय त्या चिठ्ठीच्या आधीचा आहे. दार उघडल्यापासूनची पहिली वीस मिनिटं. ती तुला आवडतात म्हणून तू या विषयात आलीस, हे मला माहीत आहे. इंटर्नशिपमध्ये सिव्हिलला रात्रपाळी करून यायचीस तेव्हा तुझा चेहरा बघायचो. तुझं मन ज्या दारात रमतं ते दार सोडून आत जायचं असेल तर नीट विचार करून जा. आईबाबांना बरं वाटावं म्हणून जाऊ नकोस.

लहान मुलांच्या इमर्जन्सीबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथं मी कच्चा होतो. मुलाचं वजन विचारायला वेळ लागतो आणि आई घाबरून चुकीचं सांगते. खाटेशेजारी वजनकाटा ठेव, आणि दहा, पंधरा, वीस किलोचे डोस मोठ्या अक्षरात भिंतीवर लिही. सर्पदंशाचं प्रतिविष तेवढं वजनावर नसतं. साप मुलाला पाहून विष कमी सोडत नाही. बाकी या शाखेसाठी मुलांचं मोठं, वेगळी इमर्जन्सी असलेलं रुग्णालय हवं. तिथं जागा मिळाली तर आनंदानं जा.

आणि एक शाखा आहे जिच्याकडं कुणी बघत नाही: ॲम्ब्युलन्सची, वाटेतल्या उपचारांची. अमेरिकेनं २०१० मध्ये तिला उपशाखेची मान्यता दिली. आपल्याकडे ती गाडीवाल्यावर सोडलेली असते. कर्नाटकात १०८ आली २००८ मध्ये, महाराष्ट्रात २०१४ मध्ये. कोगनोळीच्या नाक्याजवळ अपघात झाला तर फोन कधी इकडच्या कंट्रोल रूमला लागतो, कधी तिकडच्या. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या दुप्पट. पेशंट कुठं पाठवायचा हे अंतरावर ठरावं, की सरकारी योजनेच्या कार्डावर, की पोलिसांच्या हद्दीवर? माझा नियम साधा होता: जिथं त्याला हवा तो डॉक्टर जागा आहे तिथं. म्हणून फोन केल्याशिवाय पेशंट कधी पाठवला नाही. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला किंवा बेळगावच्या केएलईला फोन, समोर कोण आहे त्याचं नाव, वेळ, आणि ते चिठ्ठीवर. रस्ता चालू आहे का तेही विचार. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, रस्ता बंद झाला, कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर असून नसल्यासारखं झालं. त्या दिवसांत इथंच जे होतं त्यावर भागवलं. या शाखेत कुणी शिकून आलं तर दोन्ही राज्यांच्या गाड्यांचं एकमेकांशी बोलणं घालून देता येईल. हे काम आपल्यासारख्या दोन्हीकडच्या माणसांनीच करण्यासारखं आहे.

आता जागा कशी निवडायची. माझा एक विद्यार्थी मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या खासगी रुग्णालयात फेलोशिपला गेला. ब्रोशर गुळगुळीत. वर्षभर त्याला रात्रपाळीत एकट्याला बसवलं, शिकवायला कुणी नाही, आठवड्याचा तास ठरलेला पण कधी झाला नाही. वर्षअखेर सर्टिफिकेट मिळालं. परत आला तेव्हा म्हणाला, "सर, मी गेलो होतो तेवढाच येतोय, फक्त दमून." तसं तुझं होऊ नये. म्हणून मुलाखतीला जाशील तेव्हा बॉसशी बोलण्याआधी कँटीनमध्ये आधीच्या फेलोला गाठ. त्याला विचार: रात्री तुझ्यासोबत कोण असतो? चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्यावर बसून चर्चा होते का? श्वासाच्या किती नळ्या तू स्वतः घातल्यास? स्टायपेंड वेळेवर येतो का? मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवतात का, बाँड किती वर्षांचा? आणि शेवटी विचार, तुझ्या बहिणीला तू इथं पाठवशील का? तो क्षणभर गप्प बसला तर पुढच्या गाडीनं परत ये.

कागदाची किंमत समजून घे. विद्यापीठाची फेलोशिप वेगळी, राष्ट्रीय परीक्षा मंडळाची वेगळी, एखाद्या संघटनेची वेगळी, रुग्णालयानं स्वतः काढलेली तर आणखी वेगळी. पाटीवर नावापुढं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं (पूर्वीच्या मेडिकल कौन्सिलनं) मान्य केलेली पदवीच लावायची. बाकीची भिंतीवर फ्रेम करून लाव, पाटीवर नको. इंग्लंडच्या रॉयल कॉलेजची परीक्षा देणारे बरेच आहेत. बाहेर जायचं असेल तर उपयोगी, पण ती परीक्षा आहे, ते प्रशिक्षण नाही. परत येऊन सीमेच्या दोन्ही बाजूंना काम करायचं असेल तर कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही कौन्सिलांकडं आधीच चौकशी कर आणि कागद पुरे करून ठेव.

सीमेवरच्या कामाचं आणखी थोडं. अपघात कागल हद्दीतला आणि पेशंट निपाणीत, तर पोलीस म्हणतील आमची हद्द नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्द असो वा नसो. तू मात्र कळवल्याची पोच घे आणि तोवर उपचार थांबवू नकोस. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की जीव वाचवणं आधी, कागद मागून. विष घेतलेल्याच्या घरच्यांना सांग की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला गुन्हेगार न मानता तणावाखालचा माणूस मानलंय. भीती गेली की बाटलीचं खरं नाव बाहेर येतं. आणि त्याला घरी सोडताना मानसोपचारतज्ज्ञाची तारीख घेऊनच सोड; नुसती छाती कोरडी करून आपलं काम संपत नाही.

पैशाचंही बोलतो. इकडच्या माणसाकडं आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकचं कार्ड असतं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, त्यावरून दोन सरकारांत वाद झाला. राजकारणाचं मी बोलत नाही. पण रात्री पेशंटच्या आईला कोणत्या कार्डावर कुठं काय मिळतं हे सांगणारा एक कारकून कॅज्युअल्टीत हवा, आणि तो नसेल तर डॉक्टरला ते माहीत हवं. उपचार परवडणार नाही म्हणून दारातून परत फिरलेली माणसं मी मोजलेली आहेत.

कन्नड पक्कं कर. शाळेत शिकलीस तेवढं पुरत नाही. "येनातु?" आणि "येल्ली नोवु?" एवढं तरी आपल्या माणसासारखं विचारता आलं पाहिजे. भाषेवरून इथं पुष्कळ भांडणं झाली. कॅज्युअल्टीच्या दारात ती आणायची नाहीत. समजुतीचा कागद पेशंटच्या भाषेत, घरी जाताना सूचना पेशंटच्या भाषेत.

तर माझं मत विचारशील तर टॉक्सिकॉलॉजी आधी, आणि ती करताना अल्ट्रासाउंडवर हात बसवून घे. ते जमलं नाही तर ॲम्ब्युलन्सची शाखा. निर्णय तुझा. तू काहीही निवडलंस तरी हा काका तुझ्या मागं उभा आहे.

पण अर्जावर सही करण्याआधी एकदा ये. रजिस्टरं माडीवरच्या लोखंडी कपाटात आहेत, १९८४ पासूनची, सालवार लावलेली. किल्ली काकूकडं आहे.